‘किती सीसीचं?’ : मोठ्या प्रतिकृती-विमानांचे वजन, आकार आणि इंजिन

लातूर-नांदेडकडे मोकळ्या रानात कुणी दोन-अडीच मीटर पंखांचे विमान गाडीच्या टपावरून उतरवून जोडायला घेतले, की बघता बघता माणसे जमतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती सीसीचं?’ दुसरा : ‘किती लांब जातं?’ आणि तिसरा, जरा आवाज खाली घेऊन : ‘केवढ्याला पडलं?’ हे प्रश्न मोटारसायकलीने शिकवलेले आहेत आणि मोटारसायकलीच्या बाबतीत ते चूकही नाहीत. विमानाच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. वजन किती? त्यालाच जोडून दुसरा : ते वजन किती पंखावर टांगले आहे? इंजिनाचा क्रमांक त्यानंतरचा. बघ्यांनी हे विचारले नाही म्हणून काही बिघडत नाही. बनवणाराच विचारत नाही, तेव्हा बिघडते.

रेडिओवर चालणाऱ्या मोठ्या विमानांचा छंद आपल्या भागात तसा विरळ. ज्यांना तो लागतो ती बहुधा अभियांत्रिकीची मुले, वाइंडिंग किंवा फॅब्रिकेशनचे काम करणारे तरुण, एखादा शिक्षक. पैसा मोजका असतो. साठवलेल्या पैशातून पहिली खरेदी होते ती इंजिनाची, कारण इंजिन ही दाखवता येणारी वस्तू आहे. मग त्या इंजिनाला साजेल असे धड, त्या धडाला साजेल असे पंख, त्या पंखांना पेलेल अशी चाके, असा उलटा प्रवास सुरू होतो. शेवटी वजन काट्यावर कळते, तेही कळले तर. अशी विमाने उडतात, दहा-पंधरा सेकंद. वर्षभराची मेहनत आणि साठवण काळ्या मातीत रुतते आणि दोष कुणाचा? तर इंजिन कमी पडले! पुढच्या वर्षी आणखी मोठे इंजिन येते.

‘जायंट स्केल’ कशाला म्हणायचे याची एक मान्य व्याख्या आहे. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशनच्या मापाने एकपंखी विमान ८० इंच, म्हणजे दोन मीटरहून थोडे अधिक रुंद असले, दुपंखी विमान ६० इंच असले किंवा मूळ विमानाची पाव आकाराची प्रतिकृती असली की ते या वर्गात बसते. व्याख्येत रुंदी आहे, वजन नाही, सीसी तर नाहीच. जागतिक संघटनेच्या, म्हणजे एफएआयच्या प्रतिकृती-विमानांच्या एफ-४-सी स्पर्धेत मात्र १५ किलोंची मर्यादा घातलेली असते, कारण स्पर्धा घेणाऱ्यांना अनुभवाने कळलेले आहे की प्रश्न वजनाचा असतो.

तो का असतो, याचे उत्तर शाळेच्या भूमितीत आहे. एक मीटर रुंद, अर्धा किलो वजनाचे एक विमान घेऊ. त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर आहे असे धरू. आता त्याची प्रत्येक बाजू दुप्पट करा, साहित्य तेच ठेवा. क्षेत्रफळ चौपट होईल, ०.७२ चौरस मीटर. घनफळ मात्र आठपट, म्हणून वजन चार किलो. आधी दर चौरस मीटर पंखावर २.८ किलो भार होता, तो आता ५.६ किलो झाला. याला आपण पंखभार म्हणू. पंखभार दुप्पट झाला की हवेत टिकून राहायला लागणारा किमान वेग १.४ पट होतो, कारण उचल ही वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणजे नुसते मोठे केल्याने विमान अधिक वेगाने उडायला, अधिक वेगाने उतरायला आणि अधिक जोरात आपटायला तयार होते. इंजिनाचा विषय अजून निघालेलाच नाही.

नांदेडकरांसाठी याचे एक ओळखीचे उदाहरण देता येईल. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेतली नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली आणि एटीआर-७२ हे जोडपंख्याचे विमान शहरावरून दिसू लागले. साहजिकच पोरांना त्याची प्रतिकृती करावीशी वाटते. मूळ विमान २७ मीटर रुंद, पंखांचे क्षेत्रफळ ६१ चौरस मीटर, पूर्ण भरल्यावर वजन २३ टनांच्या आसपास. दहाव्या हिश्शाची प्रतिकृती केली तर रुंदी २.७ मीटर, क्षेत्रफळ ०.६१ चौरस मीटर आणि घनाच्या हिशेबाने वजन २३ किलो. पंखभार जवळजवळ ३८.

आता दुसरे टोक पाहू. अमेरिकेत १९३८ पासून बनलेले पायपर जे-३ क्यूब हे दोन माणसांचे, कापडी अंगाचे, पिवळे विमान. रुंदी १०.७ मीटर, क्षेत्रफळ १६.६ चौरस मीटर, भरलेले वजन साडेपाचशे किलो, इंजिन ६५ अश्वशक्तीचे. याची पाव प्रतिकृतीही २.७ मीटरच रुंद होते. पण क्षेत्रफळ १.०४ चौरस मीटर आणि वजन ८.६ किलो. पंखभार सव्वाआठ. दोन्ही विमाने शेजारी ठेवली तर रुंदीला सारखी दिसतील. एकाला हवेत राहायला दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक वेग लागेल. म्हणून एटीआर करायचेच असेल तर ते नऊ-दहा किलोंत कसे बसवायचे, ही खरी कारागिरी, आणि ती नवख्याचे काम नव्हे. कुठले विमान निवडले यातच निम्मे यशापयश ठरून जाते.

क्यूबबद्दल आणखी एक हिशेब करून ठेवतो, पुढे लागणार आहे. लांबी पाव केली की वजन चौसष्टावा भाग होते आणि योग्य वेग अर्धा होतो. लागणारी शक्ती वजन गुणिले वेग या प्रमाणात, म्हणजे एकशे अठ्ठाविसावा भाग. ६५ भागिले १२८ : अर्धी अश्वशक्ती! लहान प्रोपेलर मोठ्याइतका कार्यक्षम नसतो, वाऱ्यासाठी आणि चढण्यासाठी हाताशी थोडी जास्तीची शक्ती हवी, हे सगळे धरून एक अश्वशक्ती घ्या. अडीच मीटरच्या वरच्या विमानाला एक अश्वशक्ती पुरते हे ऐकून अनेकांना खोटे वाटते. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचा हिशेबही असाच चकित करतो. वैमानिकासह वजन साधारण ३४० किलो, पंख ४७ चौरस मीटर. पंखभार सव्वासात, म्हणजे आपल्या पाव क्यूबपेक्षाही कमी. इंजिन अवघे बारा अश्वशक्तीचे.

मग मोठे विमान करायचेच कशाला? कारण विमान मोठे-लहान करता येते, हवा करता येत नाही. तिचा चिकटपणा तोच, वाऱ्याची झुळूक तीच. हाताएवढ्या रुंदीच्या पंखाला हवा जणू पातळ काकवीसारखी लागते. ती पंखाच्या पाठीवरून लवकर सुटते आणि विमान अचानक बसते. अभियंते यासाठी रेनॉल्ड्स अंक वापरतात. वरच्या एक मीटरच्या विमानाचा पंख १८ सेंटिमीटर खोल असेल आणि वेग सेकंदाला आठ मीटर असेल, तर आपल्या उन्हाळी हवेत हा अंक ८० हजारांच्या आतच राहतो. ४० सेंटिमीटर खोल पंख सेकंदाला १५ मीटर वेगाने गेला तर तो सव्वातीन लाखांवर जातो आणि पंख खऱ्या विमानाच्या पंखासारखा शहाण्यासारखा वागू लागतो. शिवाय आपल्याकडे मार्चनंतर तापलेल्या रानात वावटळी उठतात. सेकंदाला पाच मीटरचा झोत आठ मीटर वेगाच्या विमानाला उलथून टाकतो, पंधरा मीटर वेगाच्या विमानाला फक्त हलवतो. नांगरटीच्या ढेकळांत आणि काळ्या मातीच्या भेगांतही मोठे चाक तरून जाते. मोठ्या आकाराचा मोह बरोबरच आहे. फक्त त्या आकाराची किंमत वजनात मोजायची नाही, याची काळजी घ्यायची.

ती काळजी सांगाड्यात घ्यावी लागते आणि तिथे भूमिती दुसऱ्यांदा आडवी येते. पंखातला मुख्य दांडा दुप्पट लांब, दुप्पट जाड केला, वजन आठपट झाले, तर त्या दांड्यातला वाकण्याचा ताण दुप्पट होतो. प्राण्यांच्या हाडांबद्दल गॅलिलिओने १६३८ साली हेच लिहून ठेवले आहे. म्हणून छोट्या विमानाचा नकाशा झेरॉक्सवर मोठा करून मोठे विमान होत नाही. दांड्याच्या वरच्या-खालच्या कडेला मजबूत लाकूड किंवा कार्बनच्या पट्ट्या, मधे हलके जाळे, आणि जिथे ताण नाही तिथून साहित्य निर्दयपणे कापून काढणे, हाच मार्ग. या कामाला जगभर वापरतात ते बाल्सा लाकूड दक्षिण अमेरिकेतून, मुख्यतः इक्वेडोरहून येते आणि आपल्याकडे महाग पडते. पर्याय म्हणून मुले थर्माकोल, जाहिरातींच्या फलकांचे पन्हाळीदार प्लॅस्टिक, सनबोर्ड वापरतात. हे सगळे चालते; फक्त गोंद आणि चिकटपट्टी जपून. नवख्याच्या विमानात अर्धा किलो नुसता गोंद सापडतो. (आपले बाशिंगाचे भेंड बाल्सापेक्षाही हलके असते, पण त्यात ताकद नाही. मी विचारले जाण्याआधीच सांगून टाकतो.)

आकार, वजन, इंजिन या तिघांचे भांडण इतिहासात सगळ्यात स्वच्छ दिसते ते सॅम्युएल लँगली यांच्या कामात. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे हे प्रमुख. ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीत उभ्या केलेल्या नौकेच्या छपरावरून त्यांनी आपले पाचव्या क्रमांकाचे विमान सोडले. माणूस नाही, रेडिओही नाही, रुंदी ४.२ मीटर, वजन साधारण ११-१२ किलो, इंजिन वाफेचे, एका अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे आजच्या भाषेत अस्सल जायंट स्केल. ते सुमारे एक किलोमीटर उडाले आणि पाण्यावर अलगद उतरले. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तिथे हजर होते, त्यांनी छायाचित्रही घेतले.

यानंतर अमेरिकी युद्धखात्याने माणूस नेणाऱ्या विमानासाठी ५० हजार डॉलर दिले. लँगलींनी तोच आराखडा साधारण साडेतीन पट मोठा केला. इंजिनावर जीव ओतला. त्यांचे सहायक चार्ल्स मॅन्ली यांनी सिद्ध केलेले पाच सिलिंडरचे पेट्रोल इंजिन ५२ अश्वशक्ती देत होते आणि वजन होते सुमारे ९४ किलो. त्या काळात चमत्कारच. राइट बंधूंचे इंजिन साधारण ८० किलोंचे आणि बारा अश्वशक्तीचे. तुलनाच नाही. ऑगस्ट १९०३ मध्ये लँगलींचे पेट्रोलवरचे पाव आकाराचे नमुना-विमान उडालेही. पण ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ रोजी मोठे विमान मॅन्लींना घेऊन दोनदा नदीत कोसळले. दोष सांगाड्याचा की ते फेकणाऱ्या यंत्रणेचा, यावर पुढे बराच वाद झाला. माझे मत सांगाड्याकडे झुकते. छोट्या रूपात पुरेसा असलेला दांडा साडेतीन पट मोठ्या रूपात साडेतीन पट ताण सोसत होता, आणि वजन वाचवण्यासाठी तो आणखी बारीक केलेला होता. शिवाय मॅन्लींच्या हाती विमान वळवण्याची साधने अगदीच तुटपुंजी होती. दुसऱ्या अपघातानंतर नऊच दिवसांनी बारा अश्वशक्तीचे राइट विमान उडाले.

मराठी वाचकाला इथे शिवकर बापूजी तळपदे आठवतील. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडवल्याची कथा आपल्याकडे पुन्हा पुन्हा छापली जाते. २०१५ मध्ये त्यावर हिंदी चित्रपटही निघाला. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार या कथेला दिला जातो, त्याचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंद, देशपांडे आदी पाच जणांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. मला त्या वादात भर घालायची नाही. तळपद्यांना यंत्राची ओढ होती, ती आपल्या मातीतली होती, याचा आदर आहेच. पण कथा सांगणाऱ्या एकाही माणसाने मला तीन आकडे दिलेले नाहीत : वजन किती, पंखाचे क्षेत्रफळ किती, इंजिनाची शक्ती किती. लँगलींच्या पडलेल्या विमानाचेही तिन्ही आकडे उपलब्ध आहेत, म्हणून ते आजही शिकवते.

आपल्या भागातल्या उडवणाऱ्याला या तीन आकड्यांत चौथा मिसळावा लागतो. तो हवेचा. इंजिनांचे, पंखांचे, वेगाचे जे तक्ते बाजारात मिळतात ते समुद्रसपाटी आणि १५ अंश तापमान धरून केलेले असतात. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, नांदेड साडेतीनशेच्या पुढे. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की लातूरच्या हवेची घनता तक्त्यातल्या हवेच्या सुमारे ८५ टक्केच उरते, नांदेडला ८७. म्हणजे पंखाला उचल कमी, प्रोपेलरला पकड कमी आणि पेट्रोल इंजिनाला प्राणवायू कमी, तिन्ही एकदम. तेच विमान सुटायला तिसऱ्या हिश्शाहून अधिक जास्त धाव घेते. सकाळी साडेसहाला २५ अंश असताना उडवले तर घनता ९० टक्क्यांपर्यंत येते. पुण्या-मुंबईच्या मित्राचे विमान ‘तिकडे मस्त उडायचे’ आणि इथे धुऱ्यावरच्या बाभळीत गेले, यात नशिबाचा भाग थोडा असतो.

आता इंजिन. बाजारात तीन जाती आहेत. पहिली ग्लो इंजिने : मेथॅनॉल, तेल आणि थोडे नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालणारी. छोट्या विमानांत त्यांनी अनेक दशके राज्य केले. पण मेथॅनॉल हे विष आहे, त्याच्या साठवणुकीवर व विक्रीवर निर्बंध आहेत आणि असावेत. मोठ्या विमानाला ती आणखी एका कारणाने गैरसोयीची. ती मिनिटाला बारा-चौदा हजार फेऱ्यांवर शक्ती देतात. २२ इंची प्रोपेलर १२ हजार फेऱ्यांनी फिरवला तर त्याचे टोक सेकंदाला साडेतीनशे मीटर, म्हणजे जवळपास आवाजाच्या वेगाने जाईल. शक्तीचा मोठा हिस्सा नुसत्या किंकाळीत जाईल. तोच प्रोपेलर सात हजारांवर फिरला तर टोकाचा वेग २०५ मीटर. मोठे आणि मंद विमान मोठ्या आणि मंद प्रोपेलरनेच नीट ओढले जाते. म्हणून दोन इंजिने अडीच-अडीच अश्वशक्तीची असली तरी एक पाव क्यूबला ओढेल आणि दुसरे नुसते ओरडेल. ‘किती सीसीचं’ या प्रश्नात हे काहीच येत नाही.

दुसरी जात पेट्रोलच्या दुस्ट्रोक इंजिनांची. यांचा वंश करवती आणि गवत कापायच्या यंत्रांचा. जपानी झेनोआची इंजिने तिथूनच विमानांत आली. आज खास विमानासाठी बनवलेले ५० ते ५५ सीसीचे इंजिन साधारण दीड किलोत पाचेक अश्वशक्ती देते. कसरती करणाऱ्या, सरळ उभे वर चढणाऱ्या विमानाला ते हवे. क्यूबसारख्याला ते चार-पाच पट जास्त आहे, आणि तो जास्तीचा पैसा अधिक जाड भिंत, अधिक मोठी टाकी, अधिक जड चाके अशा रूपाने पुन्हा वजनच विकत घेतो.

तिसरी जात विजेची. आवाज नाही, थरथर नाही, नाक तेलकट होत नाही. शिवाय मोटर श्वास घेत नाही, त्यामुळे विरळ हवेत तिची ताकद कमी होत नाही. थोडा मोठा प्रोपेलर लावून मे महिन्याचा तोटा काही अंशी भरून काढता येतो. अडचण बॅटरीची. एक किलो लिथियम-पॉलिमर बॅटरीत १५० वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा मावते. एक किलो पेट्रोलमधून, छोट्या इंजिनाची सगळी उधळपट्टी धरूनही, याच्या दहापट काम निघते. बारा सेलची ५ हजार मिली-ॲम्पिअर-तासांची बॅटरी सरासरी एक किलोवॉट खर्चाला दहा-अकरा मिनिटे पुरते आणि तिचे दीडेक किलो वजन उतरतानाही तेवढेच असते. उन्हात उभ्या गाडीत ती ठेवली तर फुगते, पेटूही शकते. तरीही पहिले मोठे विमान करणाऱ्याला, पैसे असतील तर, मी विजेचेच सुचवेन. बंद न पडणारी मोटर ही शिकणाऱ्याची खरी मैत्रीण.

पैसे नसतील तर? मोंढ्यातल्या कृषी सेवा केंद्रात पाठीवरचे पेट्रोल फवारणी पंप मिळतात. त्यातले २६ सीसीचे दुस्ट्रोक इंजिन साधारण एक अश्वशक्ती देते आणि सहा-सात हजार फेऱ्यांवर देते. म्हणजे पाव क्यूबला हवे तसेच. सुटे भाग तालुक्याला मिळतात, दुरुस्त करणारा गावात असतो. तोटा एकच : ते पाठीवर वाहायला केलेले आहे, हवेत न्यायला नव्हे. दोरीचा स्टार्टर, क्लच, जाड पत्र्याचे आवरण, सायलेन्सर हे सगळे उतरवून, प्रोपेलरसाठी खरादावर नेमका मध्य साधलेला आस करून घ्यावा लागतो. मध्य केसभर चुकला तर थरथरीने सांधे उकलतात.

या इंजिनावर वजनाचा परिणाम किती होतो, तो हिशेब पाहण्यासारखा आहे. पंख एक चौरस मीटरच्या जवळपास, मे महिन्यातली लातूरची हवा, इंजिनाची शक्ती ८५ टक्के, प्रोपेलर त्यातली ६० टक्के कामाला लावतो असे धरू. विमान सहा किलोंचे असेल तर सेकंदाला १४ मीटर वेगाने जाताना ते सुमारे पावणेपाच मीटर वर चढते. तेच विमान दहा किलोंचे झाले तर वेग १८ मीटर ठेवावा लागतो आणि चढ उरतो सेकंदाला १.६ मीटर. जमीन सोडल्यावर शंभर मीटरवर बाभळ असेल तर पहिले विमान तिच्यापाशी ३० मीटरच्या वर असेल. दुसरे नऊ. इंजिन तेच, सीसी तेच.

चार किलो कुठून येतात? बरेचसे शेपटीतून. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या तिसऱ्या भागाच्या आसपास साधावा लागतो. शेपटी तिथून ९० सेंटिमीटर मागे आणि इंजिन ३० सेंटिमीटर पुढे असेल, तर शेपटीत गेलेले प्रत्येक १०० ग्रॅम नाकात ३०० ग्रॅम शिसे मागतात. म्हणून शेपटी कागदासारखी करावी आणि नाक गरजेपुरतेच लांबवावे. रंगाचा दुसरा हातही शेपटीवर टाळावा.

हा सगळा हिशेब शौकापुरता नाही. बारा किलोंचे विमान ताशी ९० किलोमीटर वेगाने जात असते तेव्हा त्यात तेवढीच ऊर्जा असते, जेवढी दहा मजली इमारतीवरून सोडलेल्या बारा किलोंच्या वस्तूत. समोर फिरते लाकडी पाते. आणि आपल्याकडे बघे धावपट्टीच्या कडेला नव्हे, धावपट्टीवरच उभे राहतात. भारताच्या ड्रोन नियम, २०२१ मध्ये २५ किलोंपर्यंतचे, नजरेच्या टप्प्यात, शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी उडवलेले विमान ‘मॉडेल’ म्हणून धरले आहे आणि त्याला प्रकार-प्रमाणपत्राची सक्ती नाही. हरित क्षेत्रात उंचीची मर्यादा ४०० फूट. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट. त्याच्या आत परवानगीशिवाय नाही. नांदेडच्या उडवणाऱ्यांनी हे अंतर नकाशावर मोजूनच रान निवडावे.

हा २५ चा आकडा शेतकऱ्याच्याही ओळखीचा होऊ लागला आहे. महिला बचत गटांना १५ हजार ड्रोन देण्याची नमो ड्रोन दीदी योजना २०२३ मध्ये जाहीर झाली. फवारणीच्या ड्रोनची टाकी बहुधा दहाच लिटरची का असते, असे सोयाबीनवाले विचारतात. एक मोठे कारण हेच, की भरलेल्या टाकीसह वजन २५ किलोंच्या आत राहिले तर ड्रोन ‘लघु’ वर्गात बसतो. आणि तेवढे वजन सहा पंख्यांवर नुसते अधांतरी धरायला तीनेक किलोवॉट लागतात, म्हणून बॅटरी मिनिटांत संपते. तेच २५ किलो पंखावर टांगून सेकंदाला २० मीटर वेगाने न्यायचे तर एक किलोवॉटच्या आतबाहेर भागते. पंखाच्या विमानाला थांबता येत नाही, वळायला जागा लागते, पिकाच्या डोक्यावर दोन-तीन मीटरवर ते चालवणे धोक्याचे. म्हणून बांधाबांधांच्या आपल्या शेतात फवारणी अधांतरी राहणाऱ्या ड्रोननेच होईल. पण शेकडो एकरांची पाहणी, पाझर तलावांचे नकाशे, गारपिटीनंतरचे पंचनामे या कामांना पंखच परवडतात. त्यांचा हिशेब शिकायला मोठ्या प्रतिकृतीसारखी दुसरी शाळा नाही.

औसा तालुक्यातल्या चार तरुणांचे एक विमान सध्या माझ्या माहितीत आहे. फवारणी पंपाचे इंजिन, पंख २.४ मीटर रुंद, क्षेत्रफळ एक चौरस मीटरला थोडे कमी. गेल्या आठवड्यात ते किराणा दुकानाच्या काट्यावर ६ किलो ४०० ग्रॅम भरले. चारशे ग्रॅम कुठे गेले याचा शोध घेताना मागचे चाक लोखंडी निघाले. ते बदलून आता लाकडाचे बसवले आहे. सोयाबीन काढून झाले आहे. हरभऱ्याची पेरणी होईपर्यंत जे आठ-दहा दिवस रान मोकळे राहील, त्यात एखाद्या सकाळी, वारा सुटायच्या आत, ते उडवायचे ठरले आहे.